चाक किती बाहेर काढायचं? भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांसाठी ऑफसेटचं गणित

मागच्या भागात टायरच्या नक्षीवर बोललो, आणि त्यावर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न टायरचा नव्हताच, डिस्कचा होता. "दादा, ऑफसेट किती घेऊ?" आज फक्त तेवढंच. ऐकताना हाताशी कागद-पेन असलं तर बरं, कारण थोडी आकडेमोड आहे. पाचवीतली बेरीज-वजाबाकी, त्यापलीकडे काही नाही.

आजचा भाग ज्या मेसेजमुळे करतोय तो आधी सांगतो. केळद भागातल्या एका वाडीवरून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याने सेकंड हँड जिम्नी घेतलीय. दोन इंचाची लिफ्ट टाकणार, २३५/७५ आर १५ टायर टाकणार, आणि आठ इंच रुंदीच्या, उणे २५ ऑफसेटच्या डीप डिश अलॉय त्याने पाहून ठेवल्यात. फोटोत गाडी एक नंबर दिसते, मला मान्य आहे. पण मेसेजच्या शेवटी तो सहज बोलून गेला की वाडीत दुसरी चारचाकी नाही, पावसाळ्यात रात्री कुणाचं दुखलं-खुपलं तर हीच गाडी वेल्ह्याला जाते. तिथे मी थांबलो. रविवारी मढे घाटात फिरवायची गाडी वेगळी आणि जुलैच्या रात्री आजारी माणूस मागे बसवून पासलीवरून वेल्ह्याला उतरणारी गाडी वेगळी. दोन्हीचा ऑफसेट एकच असेल असं नाही.

आधी ऑफसेट म्हणजे काय ते. डिस्क हातात घ्या. तिच्या रुंदीचा बरोबर मध्य काढा, म्हणजे उभी अर्धी कापली तर जिथून कापाल ती रेषा. आता डिस्कचा जो सपाट भाग हबला टेकतो, जिथे नटांची भोकं असतात, तो या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर लांब आहे, तोच ऑफसेट. टेकणारा भाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला असेल तर अधिक. बरोबर मध्यावर असेल तर शून्य. आतल्या बाजूला असेल तर उणे. उणे ऑफसेटमध्ये चाक गाडीच्या बाहेर येतं आणि समोरून खोलगट परातीसारखं दिसतं, म्हणून ते डीप डिश. डिस्कच्या मागे बऱ्याचदा 'ईटी' आणि पुढे आकडा कोरलेला असतो. ते एका लांबलचक जर्मन शब्दाचं लघुरूप आहे, अर्थ हाच.

दुकानात दुसरा एक शब्द ऐकाल, बॅकस्पेसिंग. डिस्क पालथी टाका, मागच्या काठावर सरळ पट्टी आडवी ठेवा, आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजा. ती बॅकस्पेसिंग. हे माप काठापासून घेतात, आणि सात इंची डिस्क काठापासून काठापर्यंत साधारण आठ इंच भरते, कारण सात इंच हे टायर बसतो त्या जागेचं माप असतं. म्हणून सात इंची डिस्कची बॅकस्पेसिंग चार इंच असेल तर ऑफसेट शून्य, साडेतीन इंच असेल तर साधारण उणे १२ किंवा १३. जुन्या बाजारातली डिस्क घेताना कोरलेला आकडा गंजात गेलेला असतो, तेव्हा ही पट्टीची पद्धत कामाला येते. विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, दोन मिनिटं लागतात, मोजा.

आता खरं गणित. बरेच जण डिस्कची रुंदी धरून हिशेब करतात. मी म्हणतो टायर धरून करा, कारण चेसिसला आणि मडगार्डला घासतो तो टायर. रीत सोपी आहे. टायरच्या रुंदीचं अर्ध घ्या. त्यात ऑफसेट मिळवला की हबपासून टायर आत किती जातो ते मिळतं. त्यातून ऑफसेट वजा केला की बाहेर किती येतो ते.

जिम्नीचं कंपनीचं माप १९५/८० आर १५ टायर, साडेपाच इंची डिस्क, ऑफसेट अधिक ५. म्हणजे १९५ चं अर्ध साडेसत्त्याण्णव. आत १०२.५ मिमी, बाहेर ९२.५ मिमी. हे दोन आकडे वहीत वर लिहून ठेवा, बाकी सगळं यांच्याशी ताडायचंय.

२३५ चा टायर आणि ऑफसेट शून्य: अर्ध ११७.५. आत १५ मिमी जास्त, बाहेर २५ जास्त. तोच टायर, ऑफसेट उणे १२: आत फक्त ३ मिमी जास्त, पण बाहेर ३७. आणि आपल्या मित्राच्या उणे २५ वाल्या डिस्कवर: आत उलट १० मिमी मोकळे होतात, बाहेर मात्र टायर ५० मिमी जास्त येतो. दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर. एक गोष्ट लक्षात ठेवा, तोच टायर जास्त रुंद डिस्कवर चढवला की थोडा आणखी फुगतो, अर्ध्या इंचाला साधारण पाच मिमी. म्हणजे आठ इंचीवर २३५ चा टायर प्रत्यक्षात २३५ पेक्षा रुंद भरणार.

उलट २१५/७५ आर १५ घेतला, कंपनीच्याच डिस्कवर, तर आत १० आणि बाहेर १० मिमी. बस. आणि हा टायर साडेपाच इंची डिस्कवर चालतो. २३५/७५ ला किमान सहा इंची डिस्क लागते, म्हणून तो टायर कंपनीच्या डिस्कवर चढवून देणारा टायरवाला भेटला तर हात जोडून पुढे जा.

आकडे झाले. आता त्या ५० मिमीने होतं काय?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसत नाही, ती स्टिअरिंगमध्ये असते. पुढचं चाक वळताना ज्या अक्षाभोवती फिरतं तो अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवा. तो जमिनीला जिथे टेकेल आणि टायर जिथे मध्यभागी टेकतो, या दोन ठिकाणांमधल्या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. चाक बाहेर काढलं की हे अंतर वाढतं. अधिक ५ वरून उणे २५ म्हणजे ३० मिमीची भर. मोठ्या टायरमुळे त्यातले काही मिमी परत मिळतात, कारण अक्ष तिरका असतो, पण भरपाई तुटपुंजी.

हे अंतर म्हणजे तरफेचा दांडा. दांडा लांब तेवढा रस्त्याचा प्रत्येक धक्का स्टिअरिंगवर जोरात. नसरापूरवरून मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याला जाताना साइडपट्टी कशी असते माहितीय ना? पावसाळ्यात डांबराच्या कडेला चिखल, पालापाचोळा, काही ठिकाणी सिमेंट रस्त्याची कड आणि खाली चार बोटं पोकळी. समोरून एसटी आली. तुम्ही डावी दोन चाकं खाली उतरवली आणि ब्रेक दाबला. डावी चाकं चिखलात, पकड नाही. उजवी डांबरावर, पूर्ण पकड. ब्रेकचा सगळा जोर उजव्या पुढच्या चाकावर, आणि तो जोर अक्षाच्या बाहेरच्या बाजूला लागतोय, म्हणून चाक उजवीकडे वळायला बघतं. गाडीही एका बाजूला जास्त ब्रेक लागल्यामुळे उजवीकडेच फिरायला बघते. दोन्ही एकाच दिशेला. उजवीकडे काय आहे? एसटी.

एबीएस आहे, घट्ट धरलेलं स्टिअरिंग आहे, सगळं मान्य. पण दांडा जितका लांब तितकं तुम्हाला जास्त लढावं लागणार. आणि रात्री, पावसात, मागे कुणीतरी कण्हत असताना, हाताला कमी लढाई हवी.

वरंध घाट उतरणाऱ्यांनाही हेच. भोरवरून नीरा-देवघरच्या पाण्याकडेने महाडच्या दिशेने जाताना उतारावर ब्रेक सतत वापरात असतो आणि वळणाच्या आतल्या बाजूला माती वाहून आलेली असते. पावसाळ्यात तो घाट प्रशासन बंदही ठेवतं, तेव्हा आधी चौकशी करून जा, हे ऑफसेटपेक्षा महत्त्वाचं.

जिम्नी, जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप, यांना पुढे अखंड एक्सल असतो. यात स्क्रब वाढला आणि कुठलं बुश किंवा किंगपिनचं बेअरिंग ढिलं असलं की ठराविक वेगाला एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना जोरजोरात थरथरायला लागतं. गाडी थांबवल्याशिवाय थांबत नाही. ज्याने अनुभवलंय तो विसरत नाही. २०२० नंतरच्या थारला किंवा २०२१ नंतरच्या गुरखाला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे हा थरथराट या रूपात येत नाही, पण तिथे आतल्या बाजूला वरचा आर्म टायरच्या जवळ असतो, म्हणून मोजमाप वेगळं. थारवर वेगळा भाग करू.

बेअरिंगचं पण बघा. जिम्नी पूर्ण भरून १,५४५ किलो, म्हणजे एका चाकावर ढोबळमानाने ३८५ किलो. चाक ३० मिमी बाहेर सरकवलं तर हबवर किती जादा पीळ? एक मीटर लांब पहारीच्या टोकाला साडेअकरा किलोची पिशवी अडकवल्याएवढा. गाडी उभी असताना. खड्ड्यात आपटली की त्याच्या दुप्पट-तिप्पट. बेअरिंग उद्या जाणार नाही, पण लवकर जाणार. आणि वाडीवरून सुटा भाग आणायला थेट पुण्याला यावं लागत असेल तर 'लवकर' या शब्दाला किंमत आहे.

आता एक समज, जो मला दर आठवड्याला ऐकायला मिळतो: "चाकं बाहेर काढली की गाडी पलटत नाही." अर्ध खरं आहे. दोन चाकांमधलं अंतर वाढलं की गाडी बाजूला कलंडायला जास्त तिरकी व्हावी लागते, हे खरं. पण लिफ्ट आणि मोठा टायर हेच काम उलटं करतात. हिशेब करू. जिम्नीच्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर १,३९५ मिमी. गुरुत्वमध्य समजा ६५० मिमी उंचीवर आहे, फक्त समजण्यासाठी. अर्ध अंतर भागिले उंची, उत्तर १.०७. आता दोन इंची लिफ्ट म्हणजे ५० मिमी, आणि २३५ च्या टायरने आणखी २०, कारण त्याची उंची ६९३ वरून साधारण ७३३ मिमी होते आणि त्यातली निम्मी खाली मिळते. गुरुत्वमध्य ७२० वर गेला. उणे २५ ची डिस्क लावून चाकांमधलं अंतर ६० मिमीने वाढवलं तरी उत्तर येतं १.०१. म्हणजे एवढं बाहेर काढूनही गाडी कंपनीच्या अवस्थेपेक्षा लवकरच कलंडणार. उणे १२ ला ०.९९. या दोघांत फरक किती? अर्धा अंश. त्या अर्ध्या अंशासाठी स्टिअरिंग आणि बेअरिंग पणाला लावायचं का, हे तुम्ही ठरवा. मी नाही लावणार. बांधावर तिरकी गाडी चालवायची वेळ येते त्यांनी लिफ्टच कमी करावी.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुठल्या अलॉयच्या जाहिरातीत नसते. टायर मडगार्डच्या बाहेर आला की तो चिखल आणि खडी थेट बाहेर फेकतो. तुमच्या आरशावर, काचेवर, ते ठीक. पण भोर-वेल्ह्याच्या गावरस्त्यांवर कडेने शाळेची पोरं चालतात, पहाटे दुधाच्या किटल्या लावलेल्या बाइक चालतात. खडी त्यांच्या तोंडावर जाते. भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल रस्त्यावर आलेलाच असतो, त्याचा फवारा पाच सेंटिमीटर बाहेर आलेला टायर बरोबर चालणाऱ्याच्या अंगावर टाकतो. रुंद फ्लेअर आणि मडफ्लॅप लावा, म्हणजे निदान लाखोली खाणार नाही.

टायर गाडीचा सगळ्यात बाहेरचा भाग झाला की कड लागते ती पण त्यालाच. इथला दगड काळा बेसाल्ट, फुटला की धारदार. मोरीचा कठडा, सिमेंट रस्त्याची तुटलेली कड, चिखलात बुडालेला दगड, यांनी टायरची बाजूची भिंत चिरते. नक्षीतलं पंक्चर निघतं, बाजूची चीर निघत नाही. अख्खा टायर फेकावा लागतो.

बरं, मग मोजायचं कसं? नवीन डिस्क विकत घ्यायच्या आधी, हातात असलेल्या चाकांवरच. गवंड्याकडून ओळंबा मागून आणा. मडगार्डच्या काठावरून खाली सोडा आणि दोरीपासून टायरच्या फुगीर भागापर्यंत अंतर मोजा. चारही चाकांना. बाहेर तुम्हाला किती जागा आहे ते कळलं. आतल्या बाजूला, स्टिअरिंग आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून टायर कशाच्या सगळ्यात जवळ येतो ते बघा: पुढे बंपरचा कोपरा, मागे मडगार्डचा खालचा भाग, आत आर्म. जिथे सर्वात कमी फट आहे तो आकडा लिहा. जॅकवर गाडी चढवून खाली घुसून मोजू नका, सपाट जमिनीवर, हँडब्रेक लावून, चाकाला दगड लावून मोजा.

हे झालं उभ्या गाडीचं. मग गाडी हळू एखाद्या कमी उंचीच्या बांधावर तिरकी घाला, म्हणजे एक पुढचं चाक वर आणि दुसऱ्या बाजूचं मागचं वर. बाहेर उभ्या माणसाला बघू द्या. अखंड एक्सलमध्ये वर गेलेल्या चाकाचं डोकं आत झुकतं, म्हणून सपाटीवर भरपूर वाटलेली आतली फट इथे कमी होते. वळवलेलं स्टिअरिंग आणि वर गेलेलं चाक, दोन्ही एकदम असताना जी फट उरते ती खरी. नवीन टायर किती मिमी आत-बाहेर जाणार हे गणिताने आधीच काढलंय, ते या फटीतून वजा करा. दहा-बारा मिमी तरी शिल्लक राहिली पाहिजे, कारण चिखलही तिथेच अडकतो. इथली लाल माती टायरला आणि आतल्या पत्र्याला चिकटून घट्ट बसते, मग टायर तिच्यावर घासत फिरतो.

लिफ्ट टाकणार असाल तर हे माप लिफ्टनंतर घ्या, आधी नाही. जिम्नीत एक्सलला बाजूला धरणारा जो पॅनहार्ड रॉड आहे त्याची लांबी ठरलेली असते. गाडी वर उचलली की तो जास्त तिरका होतो आणि एक्सलला काही मिमी एका बाजूला ओढतो. मग एका बाजूचा टायर बाहेर, दुसरा आत. आधी मोजून डिस्क घेतलेल्यांची इथे फसगत होते आणि दोष डिस्कवाल्याला जातो. लांबी बदलता येणारा रॉड लावून एक्सल मध्यावर आणता येतो.

स्पेसरबद्दल विचारणारे बरेच आहात. स्पेसर म्हणजे ऑफसेट बदलण्याचाच दुसरा रस्ता: ३० मिमीचा स्पेसर म्हणजे अधिक ५ चं उणे २५. वर सांगितलेले सगळे परिणाम तेच, शिवाय नटांचा आणखी एक जोड वाढला. लावायचाच तर हबच्या गोलावर नीट बसणारा घ्या, जिम्नीचं मधलं भोक १०८ मिमीचं आहे. लेथवर 'अंदाजाने' काढून दिलेला घेऊ नका. पाच नट, १३९.७ मिमीचं वर्तुळ, हे जिप्सी आणि जिम्नी दोघींचं सारखं आहे, म्हणून जुन्या जिप्सीच्या डिस्क जिम्नीला बसवणारे भेटतील. भोकं जुळली म्हणजे ऑफसेट आणि मधलं भोक जुळलं असं नाही.

मग आपल्या केळदच्या मित्राला मी काय सांगितलं? उणे २५ सोड. तुझ्या कामाला २१५/७५ आर १५, चांगला ऑल टेरेन, कंपनीच्याच डिस्कवर. जमिनीपासून फक्त पाचेक मिमी उंची वाढेल, पण केळदच्या चिखलात तुला उंचीपेक्षा नक्षी आणि टायरमधली हवा जास्त कामाला येते. २३५ च हवा असा हट्टच असेल तर साडेसहा किंवा सात इंची डिस्क, ऑफसेट शून्य ते उणे १० च्या मध्ये, आणि नेमका आकडा ओळंब्याने निघेल, माझ्या तोंडून नाही. उणे ५ ला आत १०, बाहेर ३० मिमी, तिथून मोजायला सुरुवात कर. वाचलेल्या पैशात किंगपिनची बेअरिंगं आणि स्टिअरिंगचे बॉल जॉइंट तपासून घे, सेकंड हँड गाडी आहे.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक भूमिका घेतलीय. मडगार्डच्या बाहेर आलेली चाकं दुरून दिसतात. दंडापेक्षा मला काळजी विम्याची वाटते. काही घडलं तर सर्व्हेअर पहिल्यांदा चाकांकडेच बघतो. बदल करताना विमा कंपनीला लेखी कळवा आणि डिस्कवर कोरलेली कमाल भारक्षमता तुमच्या गाडीच्या भरलेल्या वजनाला पुरते का ते बघा.

नवीन चाकं बसवली की नट हातपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर, टॉर्क रेंचने. पान्यावर उभं राहून नाही. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचे, अलॉय नवीन असताना नट थोडे बसतात. पुण्याला चाकं बसवून वेल्ह्याला परत गेलात की घरी पोचल्यावर, गाडी थंड झाल्यावर, पाना हातात घ्या.

आणि स्टेपनी. चार चाकं नवीन आणि पाचवं जुनंच मागच्या दारावर लटकतंय, हे इतक्या वेळा बघितलंय. २३५ चे चार टायर आणि १९५ ची स्टेपनी, उंचीत ४० मिमीचा फरक. चिखलात फोर व्हील लागलेलं असताना असं चाक बसवून गाडी हाकलीत तर पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात आणि ताण ट्रान्सफर केसवर येतो. पाचही एकाच मापाची आणि एकाच ऑफसेटची घ्या. जड स्टेपनीने मागच्या दाराच्या बिजागऱ्या लटकतात, तेव्हा तिथे जादा आधार लावून घ्या. पाचव्याचे पैसे नसतील तर चार पण थांबू द्या, पुढच्या पगाराला एकदम पाच घ्या.